मोठा कॅम टाकल्यापासून जिप्सी स्लोला टिकत नाही

गुहागरचा जिप्सीवाला
माझी २००६ची एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवाली) जिप्सी, १.३ लिटर. हेड उघडलंच होतं म्हणून व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारा २७२ अंशांचा कॅम टाकला, सोबत लॅपटॉपवर ट्यून होणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंप्युटर. कुंभार्ली घाटात गाडी अशी ओढते की मन भरून येतं. स्लोला (अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर) मात्र आरपीएम ६०० ते १२०० खालीवर, धुराने डोळे चुरचुरतात, प्लग आठवड्यात काळे. परवा धोपाव्याला फेरीबोटीच्या उतारावर बंद पडली. पुढे खाडी, मागे रांग. सायलेन्सरमधला वाइडबँड मीटर लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवतं म्हणून पेट्रोल वाढवत गेलो, तर आणखीच बिघडलं. कुठे चुकतंय?

रत्नागिरीहून
आधी टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप) आणि टायमिंग बघा. बेल्ट एक दात सरकला तरी गाडी अशीच वागते.

मालवणहून
माका पण ह्योच त्रास झाललो. मीटरवर विश्वास ठेवू नका. मोठ्या कॅमला इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह जास्त वेळ एकत्र उघडे राहतात. स्लोला जळलेला गॅस इनटेकमध्ये मागे येतो, मिसिंग होतं, म्हणजे पेट्रोल नीट पेटत नाही, आणि न वापरलेला ऑक्सिजन सायलेन्सरमध्ये जातो. मीटर तोच ऑक्सिजन मोजतं आणि लीन म्हणतं. प्लग खरं सांगतायत: पेट्रोल जास्त आहे.

व्हॅक्यूमही पडतो. मूळ कॅमला मॅप (इनटेकमधला दाब) ३०-३५ केपीए असेल तर आता ५०च्या पुढे दिसेल. म्हणून ईसीयूतल्या पेट्रोल-इग्निशनच्या टेबलचे जुने आकडे कामाचे नाहीत.

इंजिन पूर्ण गरम करा. १५००च्या खाली ऑक्सिजन सेन्सरची दुरुस्ती बंद, स्लो सांभाळणाऱ्या आयडल व्हॉल्व्हचा कंट्रोलही तात्पुरता बंद. स्लो १०५० ठेवा, ८००चा हट्ट सोडा. आता पेट्रोल थोडं थोडं कमी करत मॅपकडे बघा. मॅप सर्वांत खाली जाऊन स्थिर होतो ती जागा तुमची. तिथून किंचित रिच, म्हणजे पेट्रोल जरासं जास्त. टेबलच्या आजूबाजूच्या कप्प्यांतही पेट्रोल आणि इग्निशनचे तेच आकडे भरा, नाहीतर आरपीएम हलला की आकडा बदलतो आणि झोके सुरू होतात.

आणि ब्रेक! व्हॅक्यूम कमी म्हणजे स्लोला ब्रेकला जोर देणारा बूस्टर कमजोर. बोटीच्या उतारावर पेडल कडक लागेल, पाय आधीच ठेवा.

गुहागरचा जिप्सीवाला
बेल्ट ठीक निघाला, एका टॅपेटचा गॅप कमी होता. तो लावून पेट्रोल कमी करत गेलो, मॅप ५८वरून ४९वर आला. १०५०ला धडधडते, पण टिकते. पेडलचं तुम्ही म्हणालात ते खरंच होतं, मला वाटत होतं पॅड गेले. काल दाभोळला जाऊन आलो, दोन्ही वेळा बोटीवर चालू राहिली. मनापासून आभार, दादा.