डिस्ने की युनिव्हर्सल : गोष्टीत माणसाला अधिक चांगले कोण गुंतवते?

देखावेकरी, राजारामपुरी (प्रश्न)

नमस्कार. गणेशोत्सवात तालीम मंडळांसाठी सजीव आणि तांत्रिक असे दोन्ही प्रकारचे देखावे उभारण्याचे काम मी करतो. धाकटा भाऊ फ्लोरिडात नोकरीला आहे आणि येत्या हिवाळ्यात त्याच्याकडे जाण्याचा योग जुळून येत आहे. तेथील तिकिटांचे दर पाहता डिस्ने आणि युनिव्हर्सल यांपैकी एकाच कंपनीची मनोरंजन उद्याने पाहणे परवडेल, असे दिसते.

वेगाचे पाळणे आणि उंचावरून घेतलेल्या उड्या यांत मला फारसा रस नाही. प्रेक्षक आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्याला गोष्टीत कसे धरून ठेवतात, हे मला पाहायचे आहे. आमच्या मांडवात हीच गोष्ट सर्वांत अवघड असते, कारण अफझलखानाचा वध ऐन रंगात आलेला असताना प्लायवूडच्या फटीतून मागची वायर दिसते आणि शेजारच्या मंडळाचा डॉल्बी उरलेले काम पूर्ण करतो. ज्यांनी दोन्ही ठिकाणे पाहिली आहेत किंवा या विषयाचा अभ्यास केला आहे, त्यांनी कृपया आपले मत कारणांसह मांडावे.

नेपथ्यवेडा, मंगळवार पेठ

या दोन कंपन्यांच्या कथनशैलीतील फरक त्यांच्या उगमापासून सुरू होतो. कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १९५५ मध्ये डिस्नेलँड सुरू झाले, तेव्हा वॉल्ट डिस्ने यांनी उद्यानाभोवती मातीचा उंच बांध घालून घेतला होता, जेणेकरून आत आलेल्या माणसाला बाहेरचे रस्ते आणि घरे दिसू नयेत. फ्लोरिडातील मॅजिक किंगडम १९७१ मध्ये उघडले. तेथे भूजलाची पातळी वर असल्यामुळे खोल खोदणे शक्य नव्हते. म्हणून कर्मचाऱ्यांच्या वावरासाठी जमिनीलगतच बोगद्यांचे जाळे बांधले आणि उद्यान त्याच्या माथ्यावर वसवले. एका काळातील पोशाख घातलेला माणूस दुसऱ्या काळातील रस्त्यावरून जाताना कोणाला दिसू नये, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप केला गेला.

युनिव्हर्सलची परंपरा नेमकी उलट आहे. कार्ल लॅमली यांनी १९१५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ आपली स्टुडिओनगरी उघडली आणि २५ सेंट घेऊन लोकांना चित्रीकरण पाहू दिले. चित्रपट मूक असल्याने प्रेक्षकांच्या गलक्याने काही बिघडत नसे. पुढे १९६४ मध्ये ट्राममधून स्टुडिओ दाखवण्याची सहल सुरू झाली, तिचे आकर्षणही युक्ती कशी केली जाते हे उघड करण्यातच होते. चित्रपटकार बाबुराव पेंटर यांच्या आणि १९२९ मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनीला जन्म देणाऱ्या आपल्या कोल्हापुरातील माणसाला पडद्यामागे डोकावण्याची ही ओढ वेगळी समजावून सांगावी लागू नये. सारांश, डिस्नेने सांधा लपवला आणि युनिव्हर्सलने तो तिकीट लावून दाखवला.

आपल्या कामासाठी मी डिस्नेच सुचवेन आणि तेही मुख्यतः हॉन्टेड मॅन्शनसाठी. ॲनाहाइम येथे १९६९ मध्ये सुरू झालेल्या या भुताच्या वाड्यात प्रेक्षक एका खोलीत उभे राहतात आणि भिंतींवरील चित्रे हळूहळू लांब होऊ लागतात. प्रत्यक्षात ती खोली म्हणजे एक मोठी लिफ्ट आहे. मुख्य प्रयोगाची इमारत बांधाच्या पलीकडे असल्यामुळे लोकांना रेल्वेमार्गाखालून तिकडे न्यायचे होते. ती अडचणच त्यांनी गोष्टीचा पहिला प्रसंग केली. फ्लोरिडातील वाड्यात खाली उतरण्याची गरज नव्हती, तरीही प्रसंग इतका रंगतो की तेथे छत वर सरकवून तोच परिणाम साधला आहे. पुढे आपण ज्या बग्गीत बसतो ती ठरलेल्या ठिकाणी आपोआप वळते, त्यामुळे दिग्दर्शकाला जे दाखवायचे आहे तेवढेच समोर येते आणि फटीतली वायर पाहण्याची संधीच कोणाला मिळत नाही.

मूळ शाहूपुरी, सध्या ओर्लँडो

नेपथ्यवेडा यांनी सांगितलेला इतिहास बरोबर आहे. मात्र तो २०१० पूर्वीचा आहे. त्या वर्षी जून महिन्यात युनिव्हर्सलने हॅरी पॉटरच्या गोष्टीतील हॉग्समीड गाव आणि हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेचा किल्ला उभारला, आणि सांधा दाखवणाऱ्या कंपनीने तो लपवण्यात डिस्नेलाही मागे टाकले. चित्रपटांचे कलादिग्दर्शक स्टुअर्ट क्रेग यांना या कामात सहभागी करून घेतले होते. मुख्य राईडची रांग किल्ल्याच्या आतूनच जाते आणि बोलणारी चित्रे, मुख्याध्यापकांची खोली, वर्ग हे सर्व पाहत माणूस पुढे सरकतो. ज्यांना राईडमध्ये बसायचे नाही, तेही केवळ रांगेसाठी आत जाऊन येतात.

परंतु आपण खरोखर पाहावी ती २०१४ मध्ये उघडलेली डायगॉन ॲली, म्हणजे पॉटरच्या गोष्टीतील जादूगारांची बाजारगल्ली. बाहेरून लंडनच्या घरांची एक साधी रांग दिसते, आत काय आहे हे सांगणारी मोठी पाटी कोठेही नाही. विटांच्या तुटक्या भिंतीमधून वळण घेतले की अचानक संपूर्ण गल्ली आणि तिच्या टोकाला बँकेवर बसलेला आग ओकणारा ड्रॅगन समोर येतो. शेजारची नॉकटर्न ॲली वरून झाकलेली असल्यामुळे भर दुपारीही तेथे रात्र असते. देखाव्याच्या प्रवेशद्वारावर भव्य कमान आणि त्याहून भव्य फलक लावण्याची आपली जी रीत आहे, तिच्याविषयी मला तेथे प्रथमच शंका आली.

व्यवहाराची एक सूचना करतो. हॉग्समीड आणि डायगॉन ॲली एकाच कंपनीच्या दोन वेगळ्या उद्यानांत आहेत आणि त्यांना जोडणाऱ्या हॉगवर्ट्स एक्स्प्रेसमध्ये बसण्यासाठी दोन्ही उद्यानांचे तिकीट लागते. गाडीच्या खिडकीबाहेर पडद्यावरची दृश्ये सरकतात, जातानाची आणि येतानाची वेगवेगळी, आणि डब्याच्या दारावरील काचेवर पात्रांच्या सावल्या हलतात. खर्च वाचवण्यासाठी एकच उद्यान घेतले, तर हा प्रवास हुकतो.

कणेरी रस्ता

वरील दोन्ही उत्तरांत कारागिरीवरच भर आहे, मला तो अपुरा वाटतो. डिस्नेने २०१९ मध्ये स्टार वॉर्स या चित्रपटमालिकेवर आधारित ‘गॅलेक्सीज एज’ उभारले. त्यात कारागिरीची उणीव काढणे कठीण आहे: कोका-कोलाच्या बाटल्यासुद्धा गोलाकार करून त्यांवर त्या विश्वातील लिपी छापली आणि कर्मचाऱ्यांना स्थानिक ग्रहवासी म्हणून बोलायला शिकवले. तथापि त्यांनी बाटू नावाचा नवाच ग्रह निवडला आणि काळ नव्या चित्रपटांचा ठेवला. परिणामी ज्या पात्रांवर लोकांनी चाळीस वर्षे प्रेम केले होते, त्यांतील अनेकांना तेथे जागाच उरली नाही. पॉटरची गल्ली मात्र वाचकाने मनात आधीच बांधलेली होती. युनिव्हर्सलने तिचा फक्त दरवाजा उघडला.

आपल्याकडे हा अनुभव कणेरीच्या सिद्धगिरी मठातील ग्रामजीवन संग्रहालयात येतो. तेथे वळणारी बग्गी नाही, पडदे नाहीत आणि मूर्ती जागच्या हलत नाहीत. तरीही बारा बलुतेदारांची घरे, मोटेवर पाणी काढणारा शेतकरी, लोहाराचा भाता यांच्यामधून चालताना वयस्कर माणसे आपोआप बोलू लागतात आणि नातवंडांना सांगू लागतात की आमच्याकडेही असेच होते. गोष्ट सांगण्याचे निम्मे काम प्रेक्षक करतो. ज्याच्या मनात त्या जगाची आठवण नाही, तो पोरगा तेथे फोटो काढून पुढे जातो, हेही मान्य केले पाहिजे.

त्यामुळे युनिव्हर्सल की डिस्ने यापेक्षा, आपण कोणत्या गोष्टींवर वाढलो आहोत, हे आधी पाहावे. पॉटर वाचलेला नसेल, तर डायगॉन ॲली आपल्याला सुबक बाजारपेठ वाटेल, इतकेच. शिवाय युनिव्हर्सलच्या अनेक राईड पडद्यांवर अवलंबून आहेत, आणि देखावे करणाऱ्याने पडदा पाहण्यासाठी एवढ्या दूर जावे, हे मला पटत नाही.

देखावेकरी, राजारामपुरी

सर्वांचे मनापासून आभार. मी पॉटर वाचलेला नाही, मुलीने वाचला आहे. पण ती सोबत येणार नाही. त्यामुळे डिस्नेकडे कल झुकला आहे. हॉन्टेड मॅन्शनमधील नाचणाऱ्या पारदर्शक भुतांविषयी मी बरेच ऐकले आहे. तो प्रकार प्रोजेक्टरचा आहे की अन्य काही, आणि आमच्या मांडवात तो करता येईल काय?

नेपथ्यवेडा, मंगळवार पेठ

त्यात प्रोजेक्टर नाही. जॉन पेपर यांनी १८६२ मध्ये लंडनमध्ये लोकप्रिय केलेली ती रंगभूमीवरील जुनी युक्ती आहे. प्रेक्षकांच्या बग्ग्या एका सज्जावरून जातात आणि समोर प्रचंड काच असते. भुतांच्या हलत्या बाहुल्या त्या सज्जाच्या वर आणि खाली काळोखात ठेवलेल्या असून त्यांवर प्रकाश पडला की त्यांचे प्रतिबिंब काचेत उमटते आणि पलीकडच्या रिकाम्या दालनात ती नाचत असल्याचा भास होतो.

मांडवात ही युक्ती नक्की करता येईल. काच पंचेचाळीस अंशांत तिरकी बसवावी, नट बाजूच्या काळ्या कापडाने मढवलेल्या खणात उभा करावा आणि त्याच्यावरील दिवा डिमरने हळूहळू वाढवावा. गर्दीचा विचार करता काचेऐवजी ॲक्रिलिकची शीट वापरणे सुरक्षित ठरेल. फक्त ती ताणून बसवावी, नाहीतर प्रतिबिंब लहरते. आणखी एक दक्षता घ्यावी लागेल. प्रतिबिंबात उजवे-डावे उलटते, म्हणूनच त्या वाड्यातील जोडप्यांमध्ये पुरुषांऐवजी स्त्रिया नाच पुढे नेताना दिसतात. आपल्या देखाव्यातील मावळ्याला तलवार डाव्या हातात द्यावी आणि अंगरख्याचे बंदही उलट्या बाजूला शिवून घ्यावेत.