गार्डनचा हट्ट सगळ्यांना परवडत नाही

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये प्रत्येक कॉन्फरन्सची (म्हणजे कॉलेजांच्या लीगची) सीझनअखेरची टूर्नामेंट कशी असावी, यावर काहीजण म्हणतात, "सगळ्या टीम घ्या आणि टूर्नामेंट मोठ्या शहरातच भरवा". हे बिग ईस्ट कॉन्फरन्सला ठीक आहे हो, ते १९८३ पासून मॅडिसन स्क्वेअर गार्डनलाच (न्यूयॉर्कचं प्रसिद्ध स्टेडियम) खेळतायत, न्यूयॉर्कात त्यांचे माजी विद्यार्थी ढिगाने. पण छोट्या कॉन्फरन्सनी तीच नक्कल केली की टीव्हीवर नुसत्या रिकाम्या खुर्च्या दिसतात!! मला तर पॅट्रिअट लीगचं पटतं, ज्याचं सीडिंग (टूर्नामेंटमधला क्रमांक) वरचं त्याच्याच कॉलेजात मॅच, पोरं होस्टेलवरून चालत येतात आणि नुसता कल्ला करतात. आणि एनसीएएचं (देशपातळीवरच्या मोठ्या टूर्नामेंटचं) तिकीट कॉन्फरन्सची टूर्नामेंट जिंकणाऱ्या एकालाच मिळणार असेल तर सीझनभर जिंकलेल्या टीमचा एका वाईट रात्रीपायी निकाल लावायचा का? वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सवाल्यांनी म्हणूनच वरच्या दोघांना थेट सेमीफायनलला बसवलं होतं, आयव्ही लीग तर ४ च टीम घेते, २०१७ च्या आधी त्यांच्याकडे टूर्नामेंटच नव्हती, लीगमध्ये पहिले आलात की चला एनसीएएला. बाकी गार्डनच्या हौसेपायी बिग टेन कॉन्फरन्सने २०१८ ला काय केलं आठवतंय ना, गार्डनचा नेहमीचा आठवडा बिग ईस्टचा म्हणून बिचारे आठवडाभर आधीच खेळून मोकळे झाले 😄