गर्भपात कायद्यातील अपवाद : रिपब्लिकन आपापसांतच का भांडतात?

लेक्सिंग्टनकर :

नमस्कार. आम्ही साउथ कॅरोलायनात, कोलंबिया शहराला लागून असलेल्या लेक्सिंग्टन भागात राहतो. शेजारी साठीतले दांपत्य आहे. दोघेही नेमाने चर्चला जाणारे आणि पिढीजात रिपब्लिकन. जून 2024 मध्ये त्यांच्या अंगणात आमच्या भागाच्या राज्य-सिनेटर कॅटरिना शीली यांच्या प्रचाराची पाटी लागली होती. एका सकाळी ती दिसेनाशी झाली, संध्याकाळी पुन्हा जागेवर आली आणि दुसऱ्या दिवशी गॅरेजच्या भिंतीला उलटी टेकवून ठेवलेली दिसली. काढणारे काका आणि लावणाऱ्या काकू होत्या, हे नंतर कळले.

एप्रिल 2023 मध्ये गर्भपातावर जवळपास संपूर्ण बंदी घालणारे विधेयक ज्या पाच महिला सिनेटरांनी पक्षभेद विसरून, तासन्‌तास भाषणे करत रोखून धरले, त्यांत शीली होत्या. ते अवघ्या एका मताने, 22 विरुद्ध 21 असे अडले. त्या पाचांपैकी तीन रिपब्लिकन होत्या, आणि त्या तिघीही 2024 च्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत हरल्या. शीली तर स्वतःला गर्भपाताच्या विरोधकच म्हणवतात. काका-काकूंनाही गर्भपात मान्य नाही. मग भांडण नेमके कशाचे आहे? बलात्कार, रक्ताच्या नात्यातील अत्याचार किंवा आईच्या जिवाला धोका, एवढ्या अपवादांवरून एका पक्षात इतकी कटुता यावी, हे मला उमगत नाही.

खडूफळा :

आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. बाहेरून जे 'एवढेसे अपवाद' दिसतात, तिथेच या पक्षातील दोन विचार एकमेकांना छेद देतात. गर्भधारणेच्या क्षणापासून तो पूर्ण माणूस आहे असे जो मनापासून मानतो, त्याला बलात्कारातून राहिलेल्या गर्भाचा जीव कमी मोलाचा का, या प्रश्नाला उत्तर देता येत नाही. त्याच्या लेखी अपवाद म्हणजे तत्त्वाला पाडलेले भोक असते. दुसऱ्या बाजूला ज्याला निवडून यायचे आहे, किंवा ज्याला अशा मुलीसमोर बसून 'कायदा असा आहे' असे सांगणे जमणार नाही, तो अपवाद मागतो. ही ओढाताण जुनी आहे. सरकारी पैशातून गर्भपाताचा खर्च होऊ नये म्हणून 1976 मध्ये आलेल्या हाइड दुरुस्तीत बलात्काराचा अपवाद सुरुवातीला नव्हता. पुढे तो आला, 1981 मध्ये गेला आणि 1993 मध्ये परत आला.

मात्र गर्भपाताचा हक्क देशभर मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा 1973 चा रो निकाल उभा होता तोवर हा वाद फुकटचा होता. कितीही कडक कायदा केला तरी न्यायालय तो अडवणार हे ठाऊक असल्यामुळे त्याची किंमत कोणालाच मोजावी लागत नव्हती. 24 जून 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉब्स खटल्यात रो निकाल रद्द केला आणि कालपर्यंतच्या घोषणा एकदम कलमे म्हणून लिहायची वेळ आली. त्यानंतर सहाच आठवड्यांत कॅन्ससमध्ये, म्हणजे रिपब्लिकनांच्या घरच्या मैदानात, राज्यघटनेतील गर्भपाताचे संरक्षण काढून टाकण्याचा प्रस्ताव सुमारे 59 टक्के मतदारांनी फेटाळला. पुढाऱ्यांनी त्यातून काय घ्यायचे ते घेतले. ट्रम्प यांनी एप्रिल 2024 मध्ये 'राज्यांनी ठरवावे' म्हणून हात झटकले, तीन अपवादांना पाठिंबा दिला, आणि त्यांचेच माजी उपाध्यक्ष पेन्स यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली.

आपल्या काका-काकूंसारखाच प्रकार अॅरिझोनातही घडला. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये 1864 चा, म्हणजे अॅरिझोना राज्य होण्याच्या कितीतरी आधीचा, बंदीचा कायदा पुन्हा लागू करता येईल असे ठरवले. बहुमताच्या बाजूने असलेल्या न्यायमूर्तींपैकी एक होते क्लिंट बोलिक. आणि काही आठवड्यांतच तो कायदा रद्द करण्याच्या बाजूने मत देणाऱ्या दोन रिपब्लिकन सिनेटरांपैकी एक होत्या त्यांच्या पत्नी शॉना बोलिक.

जांभूळ :

मी साताऱ्यात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे; राजकारणात मला गती नाही. परंतु अपवाद 'आहे' आणि 'नाही' एवढ्यावरच ही चर्चा थांबली, तर मुख्य गोष्ट सुटेल असे वाटते. अपवाद कागदावर असतो, पण रुग्ण टेबलावर असताना तो डॉक्टरला वापरता येतो का, हे वाक्यरचनेवर ठरते. टेनेसीच्या मूळ कायद्यात आईचा जीव वाचवण्यासाठीही सरळ अपवाद नव्हता. डॉक्टरने केलेला गर्भपात आधी गुन्हाच ठरे, आणि तो जीव वाचवण्यासाठी होता हे नंतर न्यायालयात डॉक्टरनेच सिद्ध करायचे, अशी योजना होती. रिचर्ड ब्रिग्ज हे तिथले रिपब्लिकन सिनेटर स्वतः हृदयशल्यचिकित्सक. त्यांनी हे बदलायला हवे असे उघडपणे म्हटले. 2023 मध्ये विधिमंडळाने थोडी दुरुस्ती केली.

टेक्ससमध्ये तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आणि परवाना रद्द होण्याची टांगती तलवार आहे. डिसेंबर 2023 मध्ये डॅलस भागातील दोन मुलांची आई, गर्भाला ट्रायसोमी 18 हा बहुधा प्राणघातक ठरणारा दोष असल्याचे निदान झाल्यावर, न्यायालयात गेली. खालच्या न्यायालयाने गर्भपाताची परवानगी दिली, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. तोवर ती उपचारांसाठी राज्याबाहेर गेली होती. पुढे 2025 मध्ये 'धोका अगदी दारात येईपर्यंत थांबायची गरज नाही' अशा अर्थाची स्पष्टता आणणारा कायदा झाला, आणि तो मांडणारे ब्रायन ह्यूझ हेच सुमारे सहा आठवड्यांनंतर गर्भपाताला बंदी करणाऱ्या 2021 च्या कायद्याचेही कर्ते होते. बलात्काराचा अपवाद मात्र त्यातही नाही.

जाता जाता : सहा आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे पाळी चुकल्याचे लक्षात आल्यावर हातात जेमतेम दोन आठवडे उरतात. पाळी अनियमित असणारी माझ्याकडची कितीतरी रुग्ण तर तेव्हा तपासणीलाही आलेली नसते. आपल्या भारतातील 1971 च्या गर्भपात कायद्यामागे महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या अध्यक्षतेखालील समिती होती. त्या कायद्यात बलात्कार झाल्याचे स्त्रीने सांगितले, की तिच्या मानसिक आरोग्याला गंभीर इजा झाली असे गृहीत धरले जाते.

पैलथडी :

खडूफळा यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. अपवाद नाकारणाऱ्यांना आपण सहज दगडाच्या काळजाचे ठरवतो, पण निदान ते स्वतःच्या तर्काशी प्रामाणिक आहेत. अर्थात तो तर्क शेवटपर्यंत नेला की काय होते, हे लुइझियानात मे 2022 मध्ये दिसले : गर्भपात करणाऱ्या स्त्रीवरच मनुष्यवधाचा खटला चालवता येईल असे विधेयक आले, तेव्हा गर्भपातविरोधी प्रमुख संघटनेनेच त्याला विरोध केला. म्हणजे अपवाद त्यांनीही केलाच. फक्त तो गर्भपाताला नव्हता, शिक्षेला होता. माझा आक्षेप आहे तो, भाषणात अपवाद देऊन नियमावलीत तो काढून घेणाऱ्यांवर.

लेक्सिंग्टनकर :

सर्वांचे आभार. पैलथडी यांचे शेवटचे वाक्य आमच्याच राज्याला लागू पडते. मे 2023 मध्ये इथे सहा आठवड्यांचा कायदा झाला. त्यात बलात्काराचा अपवाद 12 आठवड्यांपर्यंत आहे, पण डॉक्टरने 24 तासांत शेरीफला, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुखाला, कळवायचे, अशी अट आहे. काल कुंपणापाशी काकूंना मी हे विचारले. त्या म्हणाल्या, "आमच्या गावात शेरीफचा माणूस चर्चमध्ये आमच्या पुढच्याच बाकावर बसतो, कोणती मुलगी तोंड उघडेल?" काका पाइपने गवताला पाणी घालत होते. त्यांनी ऐकले नसावे, किंवा ऐकूनही ते काही बोलले नाहीत.