स्पिंडलच्या व्हायब्रेशनचा डेटा फाइलमध्ये लिहिताना मध्येच तुटतो

लेथवाला_भोसरी
नमस्कार मंडळी. वर्कशॉपमधल्या जुन्या लेथच्या स्पिंडल बेअरिंगवर एमपीयू-६०५० हा कंपन मोजणारा सेन्सर बसवलाय, रास्पबेरी पाय ४ या छोट्या कॉम्प्युटरला आयटूसी या दोन तारांच्या जोडणीवर, ४०० किलोहर्ट्झने. पायथन स्क्रिप्ट सेकंदाला १००० रीडिंग घेते. प्रत्येक रीडिंगला फाइल उघडायची, सीएसव्हीची ओळ लिहायची, बंद करायची. बराच वेळ सुरळीत चालतं आणि मग मधलाच एक तुकडा गायब. बेअरिंग कुरकुरतं तो क्षण नेमका हाती लागत नाही. एसडी कार्ड बदलून पाहिलं, फरक नाही. डेटाबेस वापरू का?

सोल्डरवाली_सांगली
दादा, डेटाबेस राहू द्या, आधी हिशोब बघा. सेन्सरच्या पोटात १०२४ बाइटचा फिफो आहे, म्हणजे रीडिंग वाचली जाईपर्यंत रांगेत साठवणारी छोटी मेमरी. अ‍ॅक्सेलरोमीटर आणि जायरो (फिरण्याचा वेग मोजणारा भाग) मिळून एका रीडिंगचे १२ बाइट, म्हणजे ८५ रीडिंग मावतात. तुमच्या वेगाने तो ८५ मिलिसेकंदांत भरतो. एसडी कार्ड अधूनमधून आतली आवराआवर करायला थांबतं, तेव्हा एखादं राइट त्याहून जास्त वेळ सहज अडकतं. स्क्रिप्ट तिथेच खोळंबते, इकडे फिफो भरून वाहतो. नवं कार्डही हेच करणार. वाचणं आणि लिहिणं तुम्ही एकाच दावणीला बांधलंय.

दोन थ्रेड करा, म्हणजे एकाच स्क्रिप्टमध्ये सोबत चालणारी दोन कामं. पहिला फक्त फिफो रिकामा करून गठ्ठे क्यूमध्ये (मेमरीतल्या रांगेत) टाकेल, दुसरा ते उचलून लिहील. एका वेळी एकच थ्रेड चालू देणारं आपलं लॉक पायथन फाइलमध्ये लिहिताना सोडतं, त्यामुळे पहिला अडत नाही. फाइल तासाला एकदाच उघडा. जायरो फिफोतून काढा, इथे त्याचं काम नाही. मग ६ बाइट, १७० रीडिंग, दुप्पट सवड. सीएसव्हीऐवजी बायनरी लिहा, तासाला साधारण २१.६ एमबी होईल. आणि फिफो ओव्हरफ्लोचा बिट दर वेळी तपासून फाइलमध्ये नोंदवा. डेटा तुटला तर तुटला हे कळलंच पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं विश्लेषण खोटं.

लेथवाला_भोसरी
ताई, लाइट गेली तर बफरमधलं जाईल ना? आमच्याकडे हे नेहमीचंच.

सोल्डरवाली_सांगली
जाईल. नुसत्या फ्लशने, म्हणजे स्क्रिप्टचा बफर रिकामा केल्याने, डेटा लिनक्सच्या मेमरीपर्यंतच पोचतो. फ्लशनंतर एफसिंक करा, म्हणजे तो कार्डावर उतरेल; दर ५ सेकंदांनी, लिहिणाऱ्या थ्रेडमध्येच. म्हणजे गेलंच तर पाचेक सेकंदांचं जाईल. वेळ प्रत्येक रीडिंगला नको, गठ्ठ्याला एक वेळ आणि आतल्यांना अनुक्रमांक पुरे. पाय ४ मध्ये बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही, लाइट आल्यावर नेट मिळेपर्यंत वेळ चुकीची पडते. डीएस३२३१ हे तसल्या घड्याळाचं मॉड्यूल जोडून टाका.

मेंटेनन्स_ऐरोली
थोडं वेगळं सांगतो. या सेन्सरचा अ‍ॅक्सेलरोमीटर २६० हर्ट्झच्या पुढचं नीट दाखवत नाही. बेअरिंग बिघडू लागल्याच्या अगदी पहिल्या खुणा बऱ्याचदा त्याच्या कितीतरी वर असतात. लेथ किती आरपीएमवर चालतो?

लेथवाला_भोसरी
१२०० च्या वर जात नाही.

मेंटेनन्स_ऐरोली
म्हणजे २० हर्ट्झ. अनबॅलन्स, ढिला पट्टा हे यात स्वच्छ दिसेल, वाढलेला बिघाडही. पहिला ओरखडा मात्र याच्यावर शोधू नका.