गॅदरिंगमधील ज्ञानेश्वर: परंपरा की धर्मशिक्षण?

मलप्रभाकाठ: आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील गावच्या समूहावर काल एका पालकांनी लिहिले की, सरकारी मराठी शाळेच्या गॅदरिंगमध्ये दरवर्षी होणारे ज्ञानेश्वरांचे नाटक यंदापासून बंद करावे, कारण शाळा म्हणजे देऊळ नव्हे. त्यांनी हे नाटक शेवटपर्यंत पाहिले आहे का, याचीच मला शंका येते. त्यात आरती नाही, प्रसाद नाही. संन्याशाची पोरे म्हणून चार भावंडांना वाळीत टाकणारा गाव आहे, शुद्धिपत्रासाठी पैठणच्या पंडितांपुढे उभी राहिलेली मुले आहेत, आणि माणसांचे ऐकायला तयार नसलेल्या त्या पंडितांना वेद ऐकवणारा रेडा आहे. याला धर्मप्रसार म्हणायचे असेल, तर पाठ्यपुस्तकातले सगळे अभंगही उद्या फाडून टाकावे लागतील.

एक पालक: ते लिहिणारा मीच, आणि नाटक मी पहिल्या रांगेत बसून पाहिले आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे राज्यघटनेचे कलम 28 सांगते. नाटकात आरती नसेलही, पण तालमीची सुरुवात रोज हरिपाठाने होते, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत. वर्गात मुसलमान आणि ख्रिस्ती मुलेही आहेत. त्यांच्या घरी कोणी कधी विचारायला गेले होते का?

निवृत्त मास्तर: कलम वाचलेत, तसा अरुणा रॉय खटल्याचा 2002 सालचा निकालही वाचावा. धर्मांविषयी शिकवणे वेगळे आणि धर्माची दीक्षा देणे वेगळे, हा फरक सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेला आहे. विचारण्याचे म्हणाल, तर माझ्या कारकिर्दीत चांगदेवाचे काम एका मुसलमान मुलाने केले होते, आणि त्याची दाढी त्याच्या आईने स्वतः शिवून दिली होती.

एक पालक: एका दाढीवर सगळ्या पालकांची संमती गृहीत धरता येत नाही, मास्तर.

सीमावासी: इथे पट घसरून शाळेला कुलूप लागण्याची वेळ आली आहे, आणि आपण हरिपाठावर भांडतो आहोत. गॅदरिंगची पत्रिका यंदा प्रथमच फक्त कन्नडमध्ये छापली गेली, त्यावर मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. ज्या जिल्ह्यातील गुर्लहोसूरला 1843 साली अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, तिथे मराठी नाटकाच्या पत्रिकेवर मराठीचे एक अक्षर असू नये?

गोकाककर: वारसा सांगायचा तर पूर्ण सांगावा. त्याच 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ उभे केले, ते कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहूनच. आमच्या भागात श्रीकृष्ण पारिजात हे लोकनाट्य आजही रात्रभर कन्नडमध्ये चालते. कौजलगी निंगम्मांनी तो खेळ गाजवला, आणि घोंगडी अंथरून पुढे बसणाऱ्यांत मराठी घरेही असतात. देव रंगमंचावर आला की भाषेचा प्रश्न तुम्हालाच पडतो.

सीमावासी: पत्रिका ज्यांच्या भाषेत छापून येते, त्यांना असे उदार होणे सोपे असते. 2004 पासून सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात पडून आहे, आणि तोवर आम्ही मांडी घालून पारिजात पाहावे, हा सल्ला आपण स्वतःजवळच ठेवावा.

गोकाककर: पारिजाताने आपला दावा अडवलेला नाही, एवढी तरी खात्री बाळगा.

माजी विद्यार्थिनी: इतकी उत्तरे झाली, पण रेडा कोण होतो, हे एकानेही विचारले नाही. घोंगडीखाली पुढे एक आणि मागे एक असे दोन मुलगे वाकून चालत, आणि मी शाळेत होते तोवर ते दोघेही खालच्या गल्लीतलेच असत. ज्ञानेश्वर मात्र दरवर्षी वरच्या गल्लीतला. माझा धाकटा भाऊ पुढचे पाय व्हायचा. पुठ्ठ्याची शिंगे कपाळात रुतून त्याला वळ उठत. ऋचा गुरुजी पडद्यामागून म्हणत, आणि त्याला तोंड उघडायची मुभा नसे. वाळीत टाकण्याविरुद्धचे नाटक म्हणून मलप्रभाकाठ यांनी जे कौतुक केले आहे, त्यात हेही जमेस धरावे.

निवृत्त मास्तर: ज्याचा गळा चांगला, त्याला ज्ञानेश्वर, एवढाच निकष आम्ही पाळत होतो.

माजी विद्यार्थिनी: खालच्या गल्लीत भजनी मंडळ आहे, मास्तर, गळे तिथेही आहेत.

निवृत्त मास्तर: ठीक आहे, चिठ्ठ्या टाकून भूमिका वाटा. मग पसायदान बेसूर झाले, तर माझ्याकडे पाहू नका.

माजी विद्यार्थिनी: बेसूर चालेल, पण रेड्याची ऋचा रेड्यालाच म्हणू द्या.

एक पालक: तालमीतला हरिपाठ ऐच्छिक केला आणि भाग घेणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरून लेखी संमती घेतली, तर माझी हरकत निम्मी उरेल, उरलेली निम्मी मी पुढच्या पालकसभेत मांडीन.

मलप्रभाकाठ: आपली मोठीच कृपा झाली. मग संमतीपत्राचा मसुदाही आपणच लिहून आणा.

सीमावासी: आणि तो कोणत्या भाषेत छापणार, तेवढे आधी ठरवा.