‘पडदा उघडा’ : ही आज्ञा की स्थिती?

भाषांतर करणारी
चित्रपटगृहातल्या ऑटोमेशन कंट्रोलरच्या माहितीपुस्तिकेचं मराठीकरण करते आहे. हॉलचे दिवे मंद करणं, पडदा सरकवणं, प्रोजेक्टरचा डाऊझर (प्रकाश अडवणारी झडप) उघडणं ही कामं तो करतो आणि काय झालं ते सिरियल पोर्टवरून (तारेनं संदेश पाठवायच्या जोडणीवरून) ओळीओळीनं कळवतो. ‘स्टेटस रिपोर्ट’ला मी ‘स्थिती अहवाल’ लिहिलं, पण ते कानाला खटकतंय. त्याहून मोठी अडचण काल चाचणीत आली. मॉनिटरवर ‘पडदा उघडा’ अशी ओळ उमटली आणि शेजारच्या सहकाऱ्यानं ती वाचून लगेच बटण दाबलं. यंत्र आपल्याला उघडायला सांगतंय असं त्याला वाटलं. मला म्हणायचं होतं, पडदा उघडा आहे. आता हे कसं लिहावं?

शब्दांच्या नादी लागलेला
हा गोंधळ फक्त पुल्लिंगात होतो. ‘दार उघडा’ ही आज्ञा आणि ‘दार उघडे’ ही स्थिती. ‘खिडकी उघडा’ आणि ‘खिडकी उघडी’ यांतही संशय नाही. पण पडदा पुल्लिंगी, म्हणून विशेषण ‘उघडा’ आणि आदरार्थी आज्ञार्थही ‘उघडा’. तुमचा डाऊझरही पुल्लिंगीच, तिथेही हाच घोटाळा होणार. त्याला ‘शटर’ म्हणून नपुंसकलिंगात नेलंत तर सुटाल, पण शब्दाच्या लिंगावर यंत्राची सुरक्षितता टांगून ठेवू नये.

माझं मत: स्थितीसाठी ‘-लेला’ रूप घ्या. ‘पडदा उघडलेला’, ‘दिवे मंदावलेले’. क्रिया पूर्ण होऊन तिचा परिणाम टिकून आहे, हा अर्थ या रूपात आपोआप येतो. आज्ञेसाठी ‘पडदा उघडणे’ असं क्रियावाचक नाम ठेवा. चालू क्रियेला ‘उघडत आहे’.

‘स्थिती अहवाल’ खटकण्याचं कारणही सांगतो. ‘अहवाल’ फारसीतून आपल्याकडे आला, पण मूळ अरबी. ‘हाल’ म्हणजे अवस्था, त्याचं अनेकवचन ‘अहवाल’. म्हणजे ‘स्थिती अहवाल’ हे मुळात ‘स्थिती-स्थिती’ झालं. शिवाय आज अहवाल म्हटलं की बांधलेली पानं आणि खाली सही डोळ्यांसमोर येते. चार अक्षरांच्या ओळीला तो शब्द जड होतो. ‘स्थिती’ मात्र जरूर ठेवा. लॅटिन ‘स्टेटस’ आणि संस्कृत ‘स्था’ एकाच मुळातून निघालेले आहेत, तेव्हा ते परकं भाषांतर वाटायचं कारण नाही.

प्रोजेक्शनवाला
ताई, रूपं ठरवण्याआधी एक विचारा: हा कंट्रोलर नेमकं काय सांगतोय? ‘ऐकलं’, ‘केलं’ आणि ‘झालं’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

रिळांच्या काळात आम्ही फिल्मच्या काठावर धातूची बारीक पट्टी चिकटवायचो. ती सेन्सरसमोरून गेली की कंट्रोलर दिवे मंदावायचा. दिवे खरंच मंदावले का, हे आम्ही काचेतून हॉलमध्ये डोकावून बघायचो. आता तो इशारा, म्हणजे क्यू, प्लेलिस्टमध्ये असतो, चित्रपट चालवणारा सर्व्हर सिरियलवरून आज्ञा धाडतो, आणि काचेशी बहुतेक वेळा कोणी नसतं. म्हणून ती ओळच आमचे डोळे.

एका ठिकाणी मी काम करत असताना पडद्याच्या मोटरचा पट्टा निसटला. रिले (मोटरला वीज जोडणारा स्विच) लागला, मोटर फिरली, कंट्रोलरनं ‘उघडा’ कळवलं आणि चित्र मिटलेल्या पडद्यावर पडलं. कंट्रोलर खोटं बोलला नव्हता. त्याला रिलेपुरतंच दिसत होतं. पडद्याच्या दोन्ही टोकांना लिमिट स्विच (पडदा टोकाला पोचला की लागणारे स्विच) लावून त्यांची तार कंट्रोलरच्या इनपुटला दिल्यावरच ‘उघडलेला’ या शब्दाला अर्थ आला. तोवर ती ओळ ‘उघडण्याची आज्ञा दिली’ एवढीच होती. दोन्ही स्विच सुटलेले असतील, तर ‘मध्ये आहे’ असं लिहा. त्या वेळी ‘उघडलेला’ किंवा ‘मिटलेला’ यांतलं काहीही लिहू नका.

शब्दांच्या नादी लागलेला
मग ‘ऐकलं’साठी आपल्याकडे पक्का शब्द आहे: पोच. पत्र मिळाल्याची पोच देतात, पत्रात मागितलेलं काम झाल्याची देत नाहीत. अक्षरांना आणि खुणांना क्रमांक देणाऱ्या आस्की संकेतात पोचेचा क्रमांक ६ आणि तिच्या उलट संकेताचा २१. या दुसऱ्याला ‘नकार’ म्हणू नका, एवढी कळकळीची विनंती. त्याचा अर्थ ‘नीट पोचलं नाही, पुन्हा सांगा’ असा आहे. नकार वेगळा: आगीचा गजर चालू असताना कंट्रोलर दिवे मंद करायला तयार होत नाही, तो खरा नकार. दोन्हींना एकच शब्द दिलात तर तारेत दोष शोधायचा की हॉल रिकामा करायचा, हे वाचणाऱ्याला कळणार नाही.

न विचारता आपणहून कळवलेल्या बातमीला ‘वर्दी’. गणवेशाचा अर्थ आता पुढे आला असला तरी ‘वर्दी दिली’ अजून कानावर येतं. विचारल्यावर सांगितली ती स्थिती, आपणहून दिली ती वर्दी. दर काही सेकंदांनी ‘मी जिवंत आहे’ म्हणून येणाऱ्या ओळीला ‘खुशाली’ म्हणावं, असं मला मनापासून वाटतं. ती यायची थांबली की काळजी सुरू होते, हेही त्या शब्दात आहे.

भाषांतर करणारी
‘खुशाली’ घेतलीच! ‘सिरियल’ला काय? कुणी ‘एकसर’ सुचवलं.

प्रोजेक्शनवाला
‘एकसर’ नको. ती रोधांची किंवा दिव्यांची जोडणी. इथे बिट एकामागून एक जातात, म्हणून फार तर ‘क्रमिक’. मी तर ‘सिरियल’च ठेवीन, कारण पोर्टवर तेच छापलेलं असतं आणि रात्री टॉर्च घेऊन शोधणाऱ्याला तेच दिसतं. तसंच ‘दिवा’ एकटा कुठेही लिहू नका. प्रोजेक्टरचा ‘लॅम्प’, हॉलचे ‘दिवे’. आणि ‘पडदा’सुद्धा! चित्र पडतं तो पडदा आणि पुढे सरकतो तोही पडदा. सरकतो त्याला ‘सरकपडदा’ म्हणा.

नवा वाचक
ही मराठी तारेवरूनच पाठवली तर नाही का चालणार?

प्रोजेक्शनवाला
वेगाची अडचण नाही. ‘उघडलेला’मध्ये ७ चिन्हं, यूटीएफ-८ या संकेतात प्रत्येकाला ३ बाइट, म्हणजे २१. नेहमीच्या ९६०० बॉड (इथे सेकंदाला ९६०० बिट) वेगाला सेकंदाला ९६० बाइट जातात, कारण ८ बिटांच्या आगेमागे सुरुवातीचा आणि शेवटचा असे दोन बिट लागतात. २१ बाइटना सुमारे २२ मिलिसेकंद लागतील. पण पलीकडचा सर्व्हर ठरलेल्या आस्की ओळीचीच वाट बघत असतो. एक अक्षर बदललं तरी तो ओळ टाकून देतो. तारेवर संकेत जाऊ द्या, मराठी मॉनिटरवर उमटू द्या.

भाषांतर करणारी
मग आज्ञा ‘सरकपडदा उघडणे’. लगेच ‘पोच’. पाठोपाठ ‘सरकपडदा उघडत आहे’. उघडण्याच्या टोकाचा लिमिट स्विच लागल्यावरच ‘सरकपडदा उघडलेला’. ठरलेल्या वेळेत तो लागला नाही आणि दोन्ही स्विच सुटलेले असतील, तर ‘वर्दी: सरकपडदा मध्ये आहे’. ‘अडकला’ लिहिणार होते, पण मोटर फिरतेय की नाही हे कंट्रोलरला दिसत नाही, म्हणून ते खोडलं.