मदत हवी आहे: अंगणात हीला मॉन्स्टर येतोय आणि आई त्याला घोरपड समजतेय

नमस्कार मंडळी,

आम्ही अ‍ॅरिझोनात, टूसॉनच्या अगदी कडेला राहतो. मागचं अंगण संपलं की वाळवंटच सुरू. गेल्या आठवड्यात सकाळी सातच्या सुमारास भिंतीखालच्या फटीतून हीला मॉन्स्टर, म्हणजे इथला मोठा विषारी सरडा, आत आला. चांगला दीड फुटाचा, अंगभर काळे आणि केशरी-गुलाबी मणी ओवल्यासारखी कातडी, शेपूट गुबगुबीत. काळी, दुभंगलेली जीभ आतबाहेर करत पायरीपासून हातभर अंतरावरून गेला. त्याच पायरीवर आई शेंगा सोलत बसली होती. जागची हललीसुद्धा नाही. म्हणाली, "घोरपड आहे गं, काही करत नाही."

आपल्याकडच्या घोरपडीबद्दल तिचं बरोबरच आहे, तिचं विष माणसाला बाधत नाही. याचं बाधतं. विषग्रंथी खालच्या जबड्यात, आणि एकदा धरलं की हा सोडत नाही, चावत राहतो. दातांच्या खाचांतून विष जखमेत उतरतं. माणूस दगावणं फार दुर्मीळ, पण वेदना भयंकर, रक्तदाब कोसळतो, आणि प्रतिविष नाही. स्वतःहून मात्र तो अंगावर येत नाही.

शेजारी म्हणतात, पकडून लांब सोडा. मला ते अजिबात पटत नाही. इथे १९५२ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. शिवाय फिनिक्सजवळ असे हीला उचलून दुसरीकडे सोडून पाहिले होते. एक किलोमीटरच्या आत सोडलेले परत आले, लांबचे नुसते भटकत राहिले. वर्षाचा बहुतेक काळ बिळात काढणारा, पक्ष्यांची अंडी-पिल्लं मिळतील तेव्हा पोटभर खाऊन शेपटीतल्या चरबीवर महिनोन्‌महिने तगणारा जीव तो. त्याला ओळखीचं बीळच लागतं.

बाबा मधुमेहासाठी एक्सेनाटाइडचं इंजेक्शन घ्यायचे. ते औषध याच्याच विषात सापडलेल्या एका घटकावरून बनलंय. हे आईला सांगितलं तर ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "उन्हाचा येतो बिचारा, वाटीभर पाणी ठेवू का?"

आता मुलगी चार वर्षांची आहे, आजीचं बघून तीही जवळ जाईल. म्हणून विचारते:

पाणी ठेवलं तर तो रोज यायला लागेल का? फट बुजवायची तर तो आत अडकलेला नाही याची खात्री कशी करायची? जुलै-ऑगस्टमध्ये मादी अंडी घालते, त्याआधीच बुजवावी का? आणि आईला घाबरवून न सोडता लांब राहायला कसं सांगू? या भागात राहणाऱ्यांनी स्वतः काय केलं ते कृपया लिहा.